साथीत रोग मुद्दाम लवकर घ्यावा काय?

१. प्रश्नाचे स्वरूप

गावात साथ शिरली आणि ती कोणासही सोडणार नाही असे दिसू लागले, म्हणजे विचारी माणसाच्या मनातही एक विचार डोकावतो. "रोग होणारच आहे, तर आताच होऊन जाऊ दे. अंगात ताकद आहे, शेतात काम थोडे आहे, दवाखान्यात खाट मोकळी आहे. ऐन पेरणीत आडवे पडण्यापेक्षा आताच आठ दिवस काढलेले बरे." २०२१ च्या अखेरीस करोनाचा ओमायक्रॉन हा प्रकार पसरू लागला व तो सौम्य आहे असे लोक म्हणू लागले, तेव्हा हे बोलणे शहरांत आणि खेड्यांत सारखेच कानी येई.

गुरांच्या बाबतीत तर हा विचार फार जुना आहे. गोठ्यात लाळ्या-खुरकूत आली, की आजारी बैलाच्या लाळेत फडके भिजवावयाचे, ते निरोगी जनावरांच्या हिरड्यांवर चोळावयाचे, आणि साऱ्या दावणीचा रोग एकदाच उरकून घ्यावयाचा, अशी रीत आपल्या देशात व परदेशांतही होती.

हा विचार केवळ अडाणीपणाचा म्हणून झटकून टाकणे सोपे आहे. परंतु ते न्यायाचे होणार नाही. रोग मुद्दाम घेणे हेच शहाणपणाचे ठरावे आणि न घेणाऱ्यास जन्मभर हळहळ लागावी, असाही एक काळ होऊन गेला आहे. मग कोणत्या प्रसंगी हा मार्ग हिताचा आणि कोणत्या प्रसंगी घाताचा, हे ओळखावयाचे कसे? प्रस्तुत लेखात जुने-नवे दाखले समोर ठेवून हा हिशेब मांडण्याची रीत सांगण्याचा विचार आहे. पीक, पाऊस व बाजारभाव यांचे अंदाज बांधून पैसा जमिनीत घालणाऱ्या शेतकऱ्यास असा हिशेब परका वाटू नये.

२. देवीच्या रोगाचा दाखला

देवीचा रोग ज्या काळी घरोघर होता, त्या काळी तो झालेल्या शंभर माणसांपैकी वीस ते तीस माणसे दगावत. जी वाचत त्यांच्या तोंडावर वण राहत, कित्येकांची दृष्टी जाई. परंतु एकदा देवी येऊन गेल्या, की त्या माणसास पुन्हा सहसा येत नसत. या एका गोष्टीवरून मनुष्याच्या देवी मुद्दाम टोचण्याची विद्या निघाली. बंगालमध्ये ही विद्या जाणणारे टिकेदार गावोगाव फिरत. हॉलवेल नावाच्या इंग्रज वैद्याने १७६७ साली त्यांच्या पद्धतीचे वर्णन छापून प्रसिद्ध केले आहे. साथीचा हंगाम सुरू होण्यापूर्वीच ते येत. टोचण्यापूर्वी महिनाभर दूध, तूप व मासे वर्ज्य करण्यास सांगत. टोचण्यासाठी घ्यावयाची लस मागील वर्षी टोचलेल्या माणसाच्या फोडांतून घेऊन जपून ठेवलेली असे. भर साथीतल्या रोग्याची ताजी लस ते घेत नसत. हातावर बारीक ओरखडा काढून तेथे ती लावीत.

या रीतीतील मर्म लक्षात घेण्यासारखे आहे. रोग मुद्दाम घेतला जाई हे खरे. पण वेळ, मात्रा, शरीरात शिरण्याची जागा आणि रोगाचे मूळ या चारही गोष्टी माणसाच्या ताब्यात ठेवल्या जात. साथीतल्या रोग्याच्या खाटेवर जाऊन बसणे आणि असे टोचून घेणे यांत महदंतर आहे.

या मार्गाचा फायदा किती, याची नोंद अमेरिकेतील बोस्टन शहरी १७२१ च्या साथीत ठेवली गेली. तेथे नैसर्गिक रीतीने देवी आलेल्यांपैकी शेकडा सुमारे १४ माणसे मेली. टोचून घेतलेल्यांपैकी शेकडा सुमारे २. बेंजामिन फ्रँक्लिन याने आपल्या चार वर्षांच्या मुलास टोचून घेतले नव्हते. तो मुलगा १७३६ साली देवीने गेला, आणि त्याची हळहळ बापाने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवली, ती इतर आईबापांनी सावध व्हावे म्हणून.

तथापि या मार्गास एक मोठी खोट होती. टोचलेल्या माणसास देवी सौम्य येत, पण त्या खऱ्याच देवी असत. त्याच्यापासून शेजाऱ्यास रोग लागला, तर तो पूर्ण जोराचा लागे. म्हणजे लाभ एकाचा आणि जोखीम दुसऱ्याची, असा प्रकार होई. पुढे इंग्लंडात जेन्नर याने गाईच्या देवीची लस १७९८ साली लोकांपुढे मांडली. ती बगदाद व बसरा या मार्गाने मुंबईस पोहोचली आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस टोचण्यात आली. हिंदुस्थानातील हे पहिले यशस्वी लसीकरण होय. गाईच्या देवीमुळे संरक्षण मिळे आणि शेजाऱ्यास मनुष्यदेवीचा धोका नसे. उत्तम साधन हाती आल्यावर जुने साधन गुन्हा ठरले. इंग्लंडात १८४० साली व कलकत्त्यात १८६५ साली मनुष्याच्या देवी टोचण्यास कायद्याने बंदी झाली. जे कृत्य १७२१ साली शहाणपणाचे होते, तेच पुढे दंडास पात्र झाले; कारण जोखमीचा ताळेबंद बदलला होता.

३. जवळचा धोका व दूरचा लाभ

याच प्रश्नावर १७६० साली पॅरिस येथे दोन थोर गणितज्ञांचा वाद झाला. डॅनियल बर्नुली याने हिशेब करून दाखविले की, देवीचे भय पार नाहीसे झाल्यास माणसाचे सरासरी आयुष्य २६ वर्षे ७ महिन्यांवरून २९ वर्षे ९ महिन्यांवर जाईल. यास्तव सर्वांनी टोचून घ्यावे, असे त्याचे मत पडले. त्यावर दालांबेर याने आक्षेप घेतला. तो टोचण्याच्या विरुद्ध नव्हता. पण तो म्हणे की, हे तीन वर्षांचे आयुष्य आयुष्याच्या शेवटी मिळावयाचे आणि मरणाचा धोका मात्र याच महिन्यात घ्यावयाचा. या दोन गोष्टी एकाच तराजूत घालता येत नाहीत.

सावकारी व्यवहार पाहिलेल्या माणसास हा आक्षेप सहज कळेल. आज रोख द्यावयाचे हजार आणि वीस वर्षांनी मिळेल तर मिळणारे बाराशे, यांची केवळ वजाबाकी करून चालत नाही. मुद्दाम रोग घेणारा मनुष्य आजच रोख रक्कम मोजतो. बदल्यात मिळणारा लाभ पुढला असतो आणि तो मिळेलच अशी खात्री नसते. म्हणून लाभ नुसता थोडा अधिक असून भागत नाही. तो पुष्कळ अधिक आणि पुष्कळ निश्चित असावा लागतो. देवीच्या बाबतीत तो तसा होता.

४. गोठ्यातील व खुराड्यातील दाखले

आता आपल्या गोठ्याकडे वळू. बुळकांडीचा रोग नवख्या कळपात शिरला, तर शंभरातील ऐंशी-नव्वद गुरे नेत असे. या रोगावर उपाय शोधण्याचे काम ज्या संस्थेने केले, ती १८८९ साली पुण्यास स्थापन झाली व पुढे हिमालयातील मुक्तेश्वर येथे नेण्यात आली. तेथे आरंभी अशी पद्धत होती की, जनावरास एका बाजूस रोगाचे सजीव रक्त टोचावयाचे आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूस रोगातून उठलेल्या जनावराचे रक्तजल टोचावयाचे. रोग येई, पण रक्तजलाच्या आधाराने जनावर तगे, आणि पुढे त्यास बुळकांडीचे भय राहत नसे. ही देवी टोचण्याचीच बहीण होय, आणि तिच्यात दोषही तेच होते. टोचलेली गुरे रोग पसरवू शकत, शिवाय त्या रक्तातून दुसरे रोग शिरत. पुढे एडवर्ड्स या शास्त्रज्ञाने बुळकांडीचे विष शेळ्यांच्या शरीरातून शेकडो वेळा नेऊन बैलांपुरते निर्बळ केले व त्याची लस तयार झाली. १९५४ साली देशव्यापी मोहीम सुरू झाली, आणि २०११ साली बुळकांडी पृथ्वीवरून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. रोग घेऊन नव्हे, तर दुबळा करून टोचल्याने तो गेला.

लाळ्या-खुरकुतीची गोष्ट निराळी आहे. लाळ चोळण्याच्या रीतीमागे कारण उघड होते: रोग एकेका जनावरास रेंगाळत लागला, तर दोन महिने औत बंद पडे, सर्वांस एकदम आणला, तर पंधरा-वीस दिवसांत मोकळीक होई. मोठी जनावरे या रोगाने क्वचित मरतात, हेही खरे. पण हिशेबाची दुसरी बाजू पाहावी. एक, या रोगाने लहान वासरांच्या हृदयावर घाला पडतो व ती उभ्या उभ्या कोसळतात. दोन, गाय दुधास उतरते व पुष्कळदा पूर्वीच्या दुधावर परत येत नाही. तीन, रोगातून उठलेल्या काही बैलांना पुढे उन्हात धाप लागते व ते औतास निकामी होतात. चार, या रोगाचे विष एकाच जातीचे नाही. आपल्या देशात 'ओ', 'ए' व 'एशिया-१' अशा तीन जाती आढळतात, आणि एकीचा रोग होऊन गेल्याने दुसरीपासून संरक्षण मिळत नाही. पाच, बऱ्या झालेल्या गाईबैलांच्या घशात हे विष महिनोन् महिने, कधी दोन-तीन वर्षेही, दडून राहू शकते. म्हणजे "एकदाचे उरकले" ही जी मूळ समजूत, तीच येथे खोटी ठरते. किंमत पूर्ण मोजावयाची आणि माल अर्धाही मिळावयाचा नाही, असा हा सौदा आहे. २०१९ पासून राष्ट्रीय कार्यक्रमाखाली या रोगाची लस फुकट टोचली जाऊ लागल्यावर तर लाळ चोळण्यास कोणतेही समर्थन उरले नाही.

तिसरा दाखला आपल्याच जिल्ह्यातला आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरच्या कोंबड्यांत बर्ड फ्लूचा रोग निश्चित झाला. देशातील कुक्कुटपालनात तो प्रथमच आढळला होता. त्या वेळी नवापूर परिसरातील लाखो कोंबड्या मारून पुरण्यात आल्या. ज्यांच्या डोळ्यांसमोर आपली भरलेली शेड रिकामी झाली, त्यांच्या मनात असा प्रश्न येणे स्वाभाविक होते की, रोग पसरू द्यावा व ज्या जगतील त्या ठेवाव्या, असे का केले नाही? उत्तर हे की, हा रोग कोंबड्यांत जवळजवळ सरसकट मारक आहे. ज्या रोगातून फारसे कोणी उठतच नाही, त्यापासून प्रतिकारशक्ती मिळविण्याची भाषा व्यर्थ होय. शिवाय तो माणसास लागल्याची उदाहरणे परदेशांत घडली होती. अशा रोगाचे घर पेटण्यापूर्वीच मोडावे लागते.

अगदी अलीकडील दाखला लम्पीचा. ऑगस्ट २०२२ मध्ये हा त्वचारोग जळगाव जिल्ह्यात दिसला व राज्यभर पसरला. येथे शेळ्यांच्या देवीची लस गाईबैलांस टोचून काम भागविण्यात आले, कारण दोन्ही रोगांची विषे जवळच्या नात्यातली आहेत. गाईच्या देवीने माणूस वाचला, तसा शेळीच्या देवीने बैल. ज्याने वाट पाहून लस घेतली, त्याने रोग मुद्दाम ओढवून घेणाऱ्यापेक्षा निश्चित चांगला व्यवहार केला.

५. माणसांच्या दोन साथी

आता जो दाखला या लेखाच्या मताविरुद्ध जातो, तो प्रथम सांगितला पाहिजे. १९१८ च्या जून महिन्यात इन्फ्लुएंझाची साथ मुंबईस आली. ती सौम्य होती व लवकर ओसरली. सप्टेंबरात ती परत आली, ती भयंकर रूप घेऊन. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबई शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. त्याच वर्षी पाऊसही बुडाला होता; अन्नाची टंचाई आणि ज्वर एकदम घरात शिरले. वीस ते चाळीस वर्षांची कमावती माणसे सर्वांत अधिक गेली. देशभरात मेलेल्यांची संख्या सव्वा कोटी ते दोन कोटींच्या दरम्यान असावी, असे अंदाज आहेत. अनेक देशांतील लष्करी छावण्यांच्या नोंदींवरून असे दिसते की, ज्यांना पहिल्या सौम्य लाटेत ताप येऊन गेला होता, त्यांना दुसऱ्या लाटेत पुष्कळ अंशी संरक्षण मिळाले. म्हणजे १९१८ च्या जुलैत जो आजारी पडला, तो एका अर्थी भाग्यवान ठरला. लस नव्हती, औषध नव्हते. वाट पाहणाऱ्याच्या पदरी काहीच पडले नाही.

करोनाच्या साथीतही असा एक पदर आहे. नंदुरबार जिल्ह्यात हा रोग एप्रिल २०२० मध्ये आढळला. पहिली लाट हिवाळ्यापर्यंत ओसरली. २०२१ च्या मार्च-एप्रिलमध्ये दुसरी लाट आली ती अधिक जोराची. देशात अनेक ठिकाणी खाटा व प्राणवायू मिळेनासा झाला. ज्यास नोव्हेंबर २०२० मध्ये रोग होऊन तो बरा झाला, त्याची एप्रिल २०२१ मध्ये लस न घेता आजारी पडलेल्यापेक्षा स्थिती बरी होती, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण त्याच काळाची दुसरी बाजू पाहा. जून २०२० मध्ये इंग्लंडातील चाचणीवरून कळले की, डेक्सामेथासोन या जुन्या व स्वस्त औषधाने श्वासयंत्रावरील रोग्यांच्या मृत्यूंत सुमारे एक-तृतीयांश घट होते. म्हणजे मे महिन्यात अत्यवस्थ झालेल्यास जे मिळाले नाही, ते जुलैमधील रोग्यास मिळाले. १६ जानेवारी २०२१ रोजी देशात लस सुरू झाली. १ मार्चपासून साठ वर्षांवरील लोकांस, १ एप्रिलपासून पंचेचाळीस वर्षांवरील सर्वांस आणि १ मेपासून अठरा वर्षांवरील सर्वांस ती खुली झाली. ज्या वृद्ध बाईस घरच्यांनी वर्षभर जपले व मार्चात लस टोचून आणली, तिच्यासाठी वाट पाहण्याचे एकेक महिना मोल होते.

आणि वाट पाहणे म्हणजे हात बांधून बसणे नव्हे. पहिली लाट ओसरलेली असता त्या वेळचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी नंदुरबार जिल्ह्यात हवेतून प्राणवायू काढणारी यंत्रे बसवून घेतली. दुसऱ्या लाटेत मोठमोठी शहरे प्राणवायूसाठी तळमळत असता या डोंगराळ व मागास समजल्या जाणाऱ्या जिल्ह्यास तो पुरला, आणि शेजारच्या राज्यांतील रोगीही येथे उपचारास आले. मिळालेला अवधी कारणी लावला तरच वाट पाहण्यास मोल येते, याचा हा पुरावा आपल्या घरचा आहे.

ओमायक्रॉनच्या वेळी हिशेब पुन्हा बदलला. बहुतेकांच्या अंगी लस होती आणि रोगही तुलनेने हलका होता. मुद्दाम घेण्याचा धोका पूर्वीपेक्षा कमी होता. पण लाभही तितकाच घटला होता. करोना एकदा झाल्याने पुन्हा होत नाही असे नाही, हे तोवर सर्वांस कळून चुकले होते. लाळ्या-खुरकुतीप्रमाणे येथेही "एकदाचे उरकले" ही समजूत टिकली नाही.

६. हिशेबाची रीत

आता एक उदाहरण मांडू. यातील आकडे कोणत्याही खऱ्या साथीचे नाहीत. रीत कळावी म्हणून घेतलेले आहेत.

एका घरात पंचेचाळीस वर्षांचा कर्ता पुरुष व सत्तर वर्षांची त्याची आई आहे. रोग झाल्यास कर्त्याच्या वयाच्या हजार माणसांत १० मरतात, आईच्या वयाच्या हजारांत ५०. जपून राहिल्यास लस येण्यापूर्वी रोग होण्याचा संभव दहांत चार. लस घेतल्यावर रोग सर्वांनाच होतो असे धरू, पण मरणाचा धोका दशांश उरतो.

कर्त्याने मुद्दाम रोग घेतला, तर धोका हजारी १०. वाट पाहिली, तर अशा हजारांपैकी ४०० जणांस लसीपूर्वी रोग होऊन ४ मरतील. उरलेल्या ६०० पैकी लसीनंतर एकालाही पूर्ण धोका धरता येत नाही, तो हजारी ०.६ भरेल. एकूण ४.६. म्हणजे वाट पाहणे निम्म्याहून कमी धोक्याचे ठरले.

आता असे धरा की, पुढे रोग तिप्पट मारक होणार आहे. मग वाट पाहण्याचा धोका तिप्पट, म्हणजे हजारी १३.८ होतो आणि मुद्दाम घेणेच बरे ठरते. १९१८ साली हेच घडले. पण रोग तिप्पट होणारच, हे आधी कोणास ठाऊक असते? हिशेब केल्यास दिसेल की, रोग तसा वाढण्याचा संभव दहांत सुमारे सहा असल्याखेरीज हा सौदा तोट्याचाच राहतो. एवढ्या खात्रीने साथीचे भविष्य सांगणारा शास्त्रज्ञ १९१८ साली नव्हता व २०२० सालीही नव्हता.

आता आईकडे पाहा. कर्त्याने काहीच केले नाही, तर तिचा धोका वरील रीतीनेच हजारी २३ येतो. कर्त्याने रोग घरात आणला आणि तो तिला लागण्याचा संभव दोहोंत एक धरला, तर त्यापासूनच हजारी २५ धोका झाला. शिवाय त्या वेळी सुटल्यास पुढचा धोका उरतोच. एकूण हजारी ३६ च्या वर. आपल्या सोयीसाठी मुलाने आईच्या मरणाचा धोका दीडपट केला. तिला कोणी विचारलेही नव्हते. हिशेबाच्या वहीत ही रक्कम दुसऱ्याच्या खात्यावर पडते, म्हणूनच ती नजरेतून सुटते.

आपल्या जिल्ह्यात हे खाते अधिक मोठे आहे. सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल हा रक्तदोष पुष्कळ आढळतो. कित्येकांस आपल्याला तो आहे हे माहीतही नसते. धडगाव-अक्कलकुवा भागातील कुटुंबे ऊसतोडीस गुजरातेत जातात व परत येतात. एका घरचा रोग दोन राज्यांत फिरतो. सालदाराच्या झोपडीत निराळी खोली नसते. जमीनधारकाने "मला सोसेल" असे म्हणून घेतलेला रोग ज्यास सोसणार नाही, त्याच्या दारी आधी पोहोचतो.

७. चार कसोट्या

वरील दाखल्यांवरून चार प्रश्न निघतात. पहिला, रोग खरोखर अटळ आहे काय, की सावधगिरीने तो टळू किंवा लांबू शकतो? दुसरा, रोग होऊन गेल्यावर दीर्घकाळ टिकणारे संरक्षण मिळते काय? तिसरा, लस, औषध किंवा अधिक ज्ञान नजीकच्या काळात येण्याजोगे आहे काय? चौथा, मात्रा व वेळ ताब्यात ठेवून, इतरांस न लागू देता आणि ज्याच्या जिवाची जोखीम त्याच्या संमतीने हे करता येते काय?

लसीपूर्वीच्या देवीच्या काळी पहिल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मुद्दाम घेण्याच्या बाजूची होती, चौथ्याचे अर्धे. म्हणून तो मार्ग शंभर वर्षे चालला. लाळ्या-खुरकूत दुसऱ्या कसोटीस उतरत नाही. बर्ड फ्लूत संरक्षण मिळण्यास जगावेच लागते, आणि तेथेच अडते. करोना तिसऱ्या व चौथ्या कसोटीस उतरला नाही.

चौथी कसोटी पुरी पाळली गेल्याचेही उदाहरण आहे. २०२१ साली लंडन येथे अठरा ते तीस वर्षांच्या ३६ निरोगी स्वयंसेवकांस मोजून घेतलेली सूक्ष्म मात्रा देऊन करोनाची लागण करण्याचा प्रयोग झाला. त्यांतील १८ जणांस रोग लागला, कोणीही अत्यवस्थ झाले नाही. त्यांना बंद खोल्यांत डॉक्टरांच्या नजरेखाली ठेवले होते, आणि हेतू स्वतःच्या सोयीचा नसून ज्ञानाचा होता. ज्याच्या घरी अशी व्यवस्था नाही, त्याने या उदाहरणाचा आधार घेऊ नये.

८. प्रत्यक्ष काय करावे

गोठ्यासाठी: लाळ्या-खुरकुतीची लस वर्षातून दोनदा, पशुवैद्यांची फेरी येईल तेव्हा, एकही जनावर न वगळता टोचून घ्यावी. सारंगखेड्याच्या यात्रेतून किंवा आठवडी बाजारातून आणलेले जनावर दोन-तीन आठवडे वेगळे बांधावे. रोग दिसताच आजारी जनावराचे पाणी व गव्हाण निराळी करावी. चारापाणी करणाऱ्याने निरोगी गुरांकडे आधी व आजारी गुरांकडे शेवटी जावे. गोठ्याची जमीन व भांडी धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने, दर लिटरास ४० ग्रॅम या प्रमाणात, धुवावी. लाळ चोळू नये, व शेजाऱ्याने तशी सूचना केल्यास वरील पाच कारणे त्यास सांगावी.

घरासाठी: साथ येण्यापूर्वीच घरातील दुबळा कोण, हे ठरवून ठेवावे: वृद्ध, गर्भवती, मधुमेही, सिकलसेलचा रोगी. कोणती खोली वेगळी करता येईल, औत व पाणी देण्याचे काम कोण सांभाळील, दवाखान्यात कोण नेईल, हे लिहून ठेवावे. लस उपलब्ध होताच प्रथम त्या दुबळ्या माणसास न्यावे. सालदार व मजूर आजारी पडल्यास त्यांची मजुरी न तोडता त्यांस घरी ठेवावे. कारण पोटासाठी ताप लपवून कामावर आलेला माणूस साऱ्या वाडीस रोग देतो, आणि त्यात दोष त्याचा नसतो.

पुढली साथ कोणती व केव्हा येईल, हे कोणास सांगता येणार नाही. ती लाळ्या-खुरकुतीसारखी असेल, की १९१८ च्या ज्वरासारखी, हेही पहिल्या महिन्यात कळणार नाही. रोग घेतल्यावर तो परत देता येत नाही. थांबलेल्या माणसास मात्र उद्या निराळा निर्णय करता येतो. तेव्हा "होऊन जाऊ दे" हे शब्द तोंडावर आले, की शेतकरी बंधूंनी वरील चार प्रश्न स्वतःस विचारावे, आणि उत्तर देण्यापूर्वी घरातील सर्वांत दुबळ्या माणसाजवळ जाऊन बसावे व त्याचे म्हणणे ऐकावे.